मोठ्या टाकीचं पाणी तापतंय? आधी उष्णता शोधा, मग उपाय करा

मार्च संपत आला की चार-पाच फुटी फिशटँक असलेल्या घरांत एकच क्रम दिसतो. पाणी ३२ अंशांवर गेलं की बर्फाच्या बाटल्या सुरू होतात. बाटल्यांनी भागलं नाही की घाईघाईने चिलरची (पाणी गार करणाऱ्या यंत्राची) चौकशी होते. तोवर दोन-तीन मासे गेलेले असतात, आणि पाणी नेमकं कशाने तापलं हे मात्र कुणी पाहिलेलंच नसतं. हिटर अडकून चालू राहिला असेल, तर चिलर आणून दोन यंत्रं एकमेकांशी भांडत बसतील. बंद कपाटातला पंप पाणी तापवत असेल, तर खोलीचा एसी चोवीस तास चालवूनही ती उष्णता पाण्यात येतच राहील.

म्हणून या लेखातला क्रम सोडू नका: मोजणं, शोधणं, उष्णता आत येणं थांबवणं, मग बाष्पीभवन, आणि सगळ्यात शेवटी चिलर. उदाहरणासाठी ५ × २ × २ फुटांची, खाली संप (फिल्टर आणि पंप ठेवायची दुसरी छोटी टाकी) असलेली, गोड्या पाण्याची टाकी घेतली आहे. खडी, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता तिच्यात साधारण ४५० लिटर पाणी असतं. तुमची टाकी लहान-मोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

## मासे आत्ताच धापा टाकत असतील तर

मासे वर येऊन तोंड उघडमीट करत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर पुढचं वाचन नंतर. आधी हे करा, याच क्रमाने:

1. एअर पंप पूर्ण जोरात लावा. रिटर्नचा पाइप (गाळलेलं पाणी टाकीत परत आणणारा) किंवा स्प्रे बार (त्याच्या टोकाची भोकांची नळी) वर उचलून पाण्याचा पृष्ठभाग खळबळता ठेवा. वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर तो बंद करा.
2. हिटरचा प्लग काढा. टाकीचे दिवे बंद करा.
3. झाकण काढा आणि उभ्या पंख्याचा वारा पृष्ठभागावर तिरका येऊ द्या. पंखा टाकीत पडणार नाही इतका लांब ठेवा.
4. खाणं बंद. एक दिवस उपाशी राहून मोठा मासा मरत नाही.
5. त्यानंतर १० टक्के पाणी बदला. नवं पाणी अँटिक्लोरीन घातलेलं आणि टाकीपेक्षा चार-पाच अंश गार असावं, आणि ते हळूहळू सोडावं.

हवा पहिली आणि गार पाणी शेवटी, याला कारण आहे. २५ अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर जास्तीत जास्त ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३२ अंशांना ७.३. त्याच वेळी गरम पाण्यात माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. मासा आधी गुदमरतो. शिवाय ४५० लिटरमध्ये ४५ लिटर पाणी ५ अंशांनी गार टाकलं तरी टाकी जेमतेम अर्धा अंश उतरते, त्यामुळे पाणीबदलावर फार भिस्त ठेवू नका.

सावधान: धापा टाकणारा मासा आजारी आहे असं समजून औषध ओतू नका. फॉर्मलिनसारखी औषधं पाण्यातला प्राणवायू आणखी कमी करतात.

## १. तयारी: थर्मामीटर आधी तपासा

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: दोन डिजिटल थर्मामीटर (एक पाण्यासाठी, एक खोलीसाठी, कमाल-किमान आकडा लक्षात ठेवणारे मिळाले तर उत्तम), वही, आणि प्रत्येक यंत्रावरचा वॉटचा आकडा.

काचेला बाहेरून चिकटवायची पट्टी या कामासाठी वापरू नका. ती पाण्याचं आणि खोलीचं मिळून काहीतरी मधलं तापमान दाखवते, आणि इथे आपल्याला नेमका त्या दोघांतला फरकच मोजायचा आहे.

थर्मामीटर तपासायची पद्धत: एका ग्लासात बारीक केलेला बर्फ गच्च भरा, त्यात फटी बुजतील इतकंच गार पाणी घाला, ढवळा आणि दोन्ही सेन्सर मधोमध धरा. पाच मिनिटांनी आकडा शून्याच्या अर्ध्या अंशात यायला हवा. एक मीटर १.२ दाखवत असेल तर त्यावर तसं लिहून ठेवा आणि दर वेळी तेवढे वजा करा. नंतर दोन्ही सेन्सर एकाच बादलीत ठेवून एकमेकांशी जुळवून घ्या. स्वस्त मीटरमध्ये दीड-दोन अंशांचा फरक सहज सापडतो, आणि तेवढ्या फरकाने पुढचं सगळं निदान उलटं होऊ शकतं.

तपासा: पाण्याचा सेन्सर मुख्य टाकीत, पृष्ठभागापासून वीतभर खाली, हिटर आणि रिटर्न या दोन्हींपासून दूर आहे ना? खोलीचा सेन्सर टाकीच्याच उंचीवर, पण हूडच्या (दिवे बसवलेल्या झाकणाच्या) किंवा फ्रिजच्या गरम हवेत नाही ना?

## २. तीन दिवस नुसती नोंद करा

या तीन दिवसांत काहीही बदलू नका. मोह आवरत नाही हे खरं, पण बदल करत करत मोजलं तर कशाने काय झालं ते कळत नाही. (पाणी ३२ च्या वर असेल तर एअर पंप आणि उघडं झाकण एवढं ठेवून नोंद करा.)

दिवसातून चार वेळा पाणी आणि खोली दोन्हींचं तापमान लिहा: सकाळी ६, दुपारी १२, दुपारी ४, रात्री ९. रात्रीची नोंद टाळू नका. एवढं पाणी सावकाश तापतं, त्यामुळे खोलीचा कळस दुपारी तीन-चारला आला तरी टाकीचा कळस बहुतेक संध्याकाळी उशिरा येतो. "दुपारी तर ३० च होतं, मग रात्री मासे कसे गेले?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या न लिहिलेल्या आकड्यात असतं.

आता वही वाचा. पाण्याची तुलना त्या क्षणाच्या खोलीशी नको, खोलीच्या दिवसभराच्या सरासरीशी करा.

- पाण्याची सरासरी खोलीपेक्षा दीड-दोन अंश जास्त, सकाळीसुद्धा: उष्णता आतून येते आहे. पंप, हिटर, यूव्ही (पाण्यातले जंतू आणि शेवाळ मारणारा दिवा), दिवे. टप्पा ३ नीट करा.
- दिवसातल्या ठरावीक तासांत पाणी एकदम चढतं: ते तास कोणते ते बघा. दिवे लागल्यावर चढत असेल तर दिवे, संध्याकाळी चार ते सहा चढत असेल तर पश्चिमेचं ऊन.
- पाणी आणि खोली हातात हात घालून चढतात-उतरतात: खोलीच गरम आहे. टप्पा ४.
- पाणी खोलीपेक्षा बरंच गार, तरीही माशांसाठी जास्त: तुमची टाकी बाष्पीभवनाने स्वतःला जमेल तेवढी गार ठेवते आहे. वारा वाढवून पाहा, नाहीतर एसी किंवा चिलर.

जास्त म्हणजे किती, ते माशांवर ठरतं. गोल्डफिशला २४ च्या आत बरं वाटतं, २८ नंतर त्याचे हाल सुरू होतात. निऑन टेट्रा २६ पर्यंत. एंजल आणि ऑस्कर २८ पर्यंत आरामात असतात, अरोवाना ३० पर्यंत. डिस्कसला २८ ते ३० लागतंच, त्यामुळे डिस्कसवाल्यांनी ३० बघून घाबरू नये. खाऱ्या पाण्यातले प्रवाळ २४ ते २७ मध्ये हवेत. ३० च्या वर सलग राहिले की पांढरे पडायला लागतात.

## ३. आतली उष्णता: वॉटची बेरीज

एक हिशेब पाठ करून ठेवा. ४५० लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ५२५ वॉट-तास लागतात. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. मोटर गरम होते ते तर झालंच, पण पाणी ढकलण्यात गेलेली ताकदही घर्षणाने उष्णताच होते.

उदाहरणाच्या टाकीत ६० वॉटचा रिटर्न पंप, १०-१० वॉटचे दोन वेव्हमेकर (टाकीत पाणी फिरवणारे छोटे पंप) आणि १८ वॉटचा यूव्ही आहे असं धरा. एकूण ९८ वॉट, चोवीस तास. दिवसाला २३५० वॉट-तास, म्हणजे उष्णता बाहेर पडायला वाटच नसेल तर रोज साडेचार अंश. दिवे यात धरलेलेही नाहीत. झाकण घट्ट आणि कपाट बंद असेल तर यातला मोठा वाटा आतच मुरतो.

आता एकेक यंत्र, या क्रमाने:

हिटर. सगळ्यात आधी हाच. जुन्या हिटरमधला संपर्क चिकटून तो तापमान कितीही चढलं तरी चालूच राहतो. पाणी नेमलेल्या तापमानाच्या वर असूनही हिटरचा दिवा लागलेला दिसला, तर दोषी सापडला. दिवा बंद असला तरी उन्हाळ्यात हिटर प्लगला ठेवायचं कारण नाही. प्लग काढा, वीस मिनिटं थांबा, मगच पाण्याबाहेर घ्या. गरम काच हवेत येताच तडकते.

पंप. वेष्टणावरचा वॉटचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा वेगळा असू शकतो. प्लगला लावायचं छोटं वीजमापक असेल तर छान. नसेल तर घराचं मीटर वापरा: बाकी सगळं बंद करा, फ्रिज आणि राउटरसुद्धा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळ 'एका युनिटला इतक्या वेळा' असा आकडा छापलेला असतो. तो ३२०० असेल आणि दिवा मिनिटाला १० वेळा लुकलुकला, तर टाकी साधारण १८७ वॉट खाते आहे. ३२०० च्या मीटरसाठी हिशेब सोपा: मिनिटाचे लुकलुक गुणिले १८.७५. मग एकेक वेव्हमेकर, यूव्ही, दिवे बंद करत आकडा किती उतरतो ते लिहा.

बोअरचं जड पाणी असेल तर पंप उघडूनच बघा. आतल्या फिरत्या चक्रावर पांढरा थर बसला की पंप अडखळतो आणि जास्त तापतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून, ब्रशने घासून, स्वच्छ धुऊन परत लावा.

दिवे. एलईडी असले तरी ते तापतातच. हूडच्या आतल्या बाजूला हात लावून बघा. जुन्या ट्यूब आणि चोक झाकणातच बसवलेले असतील तर पृष्ठभागाच्या वरची कोंडलेली हवा तेच तापवतात. चाचणी सोपी: एक पूर्ण दिवस दिवे लावू नका, बाकी सगळं तसंच. रात्री नऊचा आकडा एक अंशाने उतरला तर उत्तर मिळालं.

संपचं कपाट. दार बंद ठेवून तीन तासांनी आत थर्मामीटर ठेवा. खोलीपेक्षा तीन-चार अंश जास्त दिसलं तर पंपाची उष्णता तिथेच कोंडते आहे. चिलर किंवा स्टॅबिलायझर त्याच कपाटात असेल तर हा आकडा आणखी वाईट येतो.

सावधान: चाचणीसाठी मुख्य फिल्टर बंद ठेवू नका. वाहतं पाणी थांबलं की कॅनिस्टरमधले (बंद डब्याच्या फिल्टरमधले) उपयोगी जिवाणू प्राणवायूअभावी मरायला लागतात, आणि नंतर अमोनिया चढतो. उन्हाळ्यात तो अमोनिया जास्त घातक असतो: सामू (पीएच) ८ असेल तर २५ अंशांना एकूण अमोनियापैकी साधारण साडेपाच टक्के विषारी रूपात असतो, ३० अंशांना साडेसात टक्के. वेव्हमेकर आणि यूव्ही मात्र दिवसभर बंद ठेवले तरी चालतात.

## ४. बाहेरची उष्णता: भिंत, ऊन, स्लॅब आणि गच्चीवरची टाकी

दुपारी चार वाजता टाकीच्या मागच्या भिंतीवर तळहात ठेवा. पश्चिमेची किंवा दक्षिणेची बाहेरची भिंत असेल तर ती रात्री दहापर्यंत ऊब सोडत राहते. त्याच वेळी काचेवर थेट ऊन येतं का ते बघा, आणि हे मे महिन्यातच बघा. डिसेंबरमध्ये ऊन कुठे येत होतं त्याचा इथे उपयोग नाही. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅब हेच मोठं कारण. फ्रिजची मागची बाजू, इन्व्हर्टर, स्वयंपाकघराचं दार, यांतलं काही टाकीच्या दोन-तीन फुटांत आहे का?

आणि एक कारण जे सगळे विसरतात: गच्चीवरची काळी टाकी. मे महिन्यात दुपारी नळाला येणारं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं. "पाणी बदललं आणि मासे अजून बिघडले" यातल्या कितीतरी तक्रारींचं मूळ इथे आहे. पाणी पहाटे भरून घ्या, ड्रममध्ये घरातच सावलीत ठेवा, आणि टाकीत सोडण्याआधी प्रत्येक वेळी थर्मामीटर लावा.

## ५. आत येणारी उष्णता तोडा

आता पहिल्यांदा काहीतरी बदलायचं. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येकानंतर दोन दिवस नोंद.

1. हिटर बाहेर, किंवा निदान प्लगबाहेर.
2. दिव्यांची वेळ सरकवा. टाइमर लावून संध्याकाळी ६ ते रात्री १२ करा. दुपारच्या कळसावर दिव्यांची भर पडत नाही, आणि घरचे लोक घरी असताना टाकी उजळलेली दिसते. वनस्पतींनाही हा बदल चालतो, फक्त रोज वेळ तीच हवी.
3. संपच्या कपाटाचं दार काढून टाका, किंवा मागच्या फळीला खाली आणि वर मोठी भोकं पाडा. फक्त वर भोकं पाडून उपयोग नाही. गार हवा आत यायला खालची वाट लागते.
4. काचेचं झाकण काढून त्या जागी जाळी बसवा. खिडकीच्या मच्छरजाळीचंच कापड ॲल्युमिनियमच्या चौकटीत ताणून घेतलं की काम होतं. अरोवाना किंवा उड्या मारणारे मासे असतील तर चौकटीला वजन किंवा कडी हवीच.
5. जास्त वॉटचा पंप बदलायची वेळ आलेलीच असेल तर डीसी पंप घ्या. तेवढ्याच प्रवाहाला तो बऱ्याचदा कितीतरी कमी वीज खातो, आणि तेवढी उष्णता कायमची जाते. यूव्ही चोवीस तास लागत नाही. उन्हाळ्यात रात्रीच चालवा.
6. खिडकीला बाहेरून ग्रीन नेट किंवा बांबूची चिक लावा. आतला पडदा ऊन खोलीत आल्यावर अडवतो, बाहेरची चिक खोलीत येण्याआधी. विदर्भात वाळ्याचा पडदा लावायची सोय असेल तर त्याहून बरं.
7. वरचा मजला असेल तर स्लॅबवर पांढरा चुना किंवा उष्णतारोधक पांढरा रंग. सोसायटीची परवानगी लागते, म्हणून हे काम मार्चमध्येच काढा.
8. रात्री खिडक्या उघडा. एवढ्या पाण्याला सकाळपर्यंत उतरायला गार हवेचे सात-आठ तास मिळाले, तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच खालून होते.

थर्मोकोलचा गोंधळ. मागच्या आणि बाजूच्या काचांना थर्मोकोल लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो निम्म्या घरांत उलटा पडतो. पाणी खोलीपेक्षा गार असेल (चिलर चालू आहे किंवा कोरड्या हवेत पंखे चांगलं काम करतात), तर थर्मोकोल बाहेरची उष्णता अडवतो आणि फायदा होतो. पाणी खोलीपेक्षा गरम असेल, तर काचांमधून बाहेर पडणारी उष्णताच तो कोंडतो. टप्पा २ ची वही उघडा आणि मग ठरवा. मागे तापलेली भिंत असेल तर थर्मोकोल भिंतीला लावा आणि टाकी तीन-चार इंच पुढे ओढा, पण आधी टाकी रिकामी करून. भरलेली टाकी सरकवायची नाही.

तपासा: एवढं केल्यावर रात्री नऊचा आकडा किती उतरला? पुष्कळ घरांत काम इथेच संपतं.

## ६. ओल्या फडक्याची चाचणी, मग पंखे

पंख्याने पाणी गार होतं ते माठाच्या तत्त्वावर: उडणारं पाणी उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडालं तर साधारण ६७५ वॉट-तास जातात. आपल्या ४५० लिटरच्या टाकीत म्हणजे सव्वा अंश. पण हवा किती पाणी उचलेल हे तिच्या कोरडेपणावर ठरतं, म्हणून नागपूरला चाललेला उपाय मुंबईत फसतो.

पंखे विकत घेण्याआधी दहा मिनिटांत कळू शकतं. डिजिटल थर्मामीटरचा सेन्सर सुती फडक्याच्या एका पदरात गुंडाळा, फडकं पाण्यात भिजवा, पिळू नका, आणि टाकीजवळ टेबलफॅनसमोर धरा. आकडा भराभर उतरेल, मग रेंगाळेल. पाच मिनिटांनी जिथे थांबला, तो तुमच्या खोलीतला बाष्पीभवनाचा तळ. टाकी तिथवर कधीच जात नाही, त्याच्या काही अंश वरच थांबते. ही चाचणी दुपारी करा.

विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना हा आकडा बावीस-चोविसच्या आसपास येऊ शकतो. मुंबई, ठाणे किंवा कोकणपट्टीवर हवा ३३-३४ असली तरी तो सत्तावीस-अठ्ठावीसवरच अडतो. माझा ठोकताळा असा: हवं असलेलं तापमान ओल्या फडक्याच्या आकड्यापेक्षा पाच अंश किंवा जास्त वर असेल तर पंखे पुरतात. फरक तीन ते पाच असेल तर मदत होते. तीनच्या आत असेल तर पंख्यावर पैसे घालण्याआधी एसी किंवा चिलरचा विचार करा.

पंखे बसवताना:

- कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे, १२० मिलिमीटरचे पंखे घ्या. पाच फुटी टाकीला तीन-चार. थेट २३० व्होल्टचा पंखा पाण्याच्या डोक्यावर टांगू नका.
- वारा पृष्ठभागावर तिरका, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. दुसरं टोक मोकळं हवं, नाहीतर तीच दमट हवा आत गोल फिरते.
- पंख्याने कोरडी हवा आत ढकलावी. ओली हवा बाहेर ओढायला लावलेल्या पंख्याची मोटर वाफेने लवकर गंजते.
- खोलीची खिडकी किंचित उघडी. बंद खोलीत उडालेलं पाणी हवेतच साठतं आणि दोन-तीन तासांत पंख्याचा परिणाम ओसरतो. डेझर्ट कूलर लावत असाल तरी हेच: कूलर खोली गार करतो, पण दमटही करतो, म्हणून समोरची खिडकी उघडी हवी.

सावधान: टाकीची प्रत्येक वायर प्लगकडे जाताना आधी प्लगच्या खाली झोळ घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि अर्थिंग तपासा. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. या गोष्टीत घाई करू नका.

## ७. उडालेलं पाणी भरताना

रोज चार लिटर पाणी उडत असेल तर चोवीस तास चालणाऱ्या ११२ वॉटच्या पंपाची उष्णता गेली. म्हणजे किती पाणी उडतं हेच तुमच्या पंख्यांचं प्रगतिपुस्तक. संपमध्ये मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत मोजून भरा. संप नसेल तर ५ × २ फुटांच्या टाकीत १ सेंटिमीटर पातळी म्हणजे साधारण ९ लिटर.

इथली चूक दिसायला छोटी असते: बोअरच्या पाण्यानेच भर घालत राहणं. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. ८०० टीडीएसचं (प्रतिलिटर ८०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेलं) पाणी रोज चार लिटर भरलं तर महिन्यात ९६ ग्रॅम क्षार टाकीत गेले, आणि टीडीएस दोनशेहून जास्त वाढला. मासे मंद होतात, काचेवर पांढरे पट्टे दिसतात, आणि दोष उन्हाळ्यावर जातो. म्हणून भर आरओच्या पाण्याने, आणि आठवड्याचा पाणीबदल नेहमीच्या पाण्याने. खाऱ्या पाण्याच्या टाकीत भर कायम आरओच्या गोड्या पाण्यानेच. तिथे मिठाचं पाणी भरलं की क्षारता चढत जाते.

आपोआप भर घालणारा फ्लोट लावला असेल तर तो ज्या भांड्यातून पाणी घेतो ते वीस लिटरचंच ठेवा. फ्लोट अडकला तरी वीसच लिटर सांडतील. नळाला थेट जोडू नका.

## ८. कंट्रोलर आणि वीज गेल्यावर

पंखे दिवसभर चालू ठेवले तर पहाटे पाणी नको तितकं उतरतं आणि दुपारी पुन्हा चढतं. माशांना हा झोका स्थिर ३० अंशांपेक्षा जास्त जाचतो. साधा तापमान कंट्रोलर लावा: २९ ला पंखे सुरू, २८ ला बंद. सेन्सर वाहत्या पाण्यात, सक्शन कपशिवाय दुसऱ्या एखाद्या क्लिपनेही अडकवलेला, कप सुटतातच. सेन्सर पाण्याबाहेर लोंबला तर तो खोलीचं तापमान वाचतो आणि पंखा किंवा चिलर थांबतच नाही. कंट्रोलरचा आकडा आठवड्यातून एकदा वेगळ्या थर्मामीटरशी ताडून पाहा.

बर्फाच्या बाटल्यांचा हिशेबही इथेच सांगतो. फ्रीझरमधली एक लिटरची बाटली पूर्ण वितळून पाण्याइतकी होईपर्यंत साधारण १३४ वॉट-तास उष्णता घेते. ४५० लिटरमध्ये पाव अंश. एका अंशाला चार बाटल्या, आणि काही तासांत पुन्हा चार. शंभर लिटरच्या गोल्डफिशच्या टाकीत बाटली कामाची आहे, मोठ्या टाकीत फक्त संकटात, तीही संपमध्ये आणि बंद झाकणाची. कोणत्याही उपायाने पाणी तासाला एक अंशापेक्षा जास्त उतरवू नका.

भारनियमनात लोक पाणी तापायची काळजी करतात. वीज गेली की पंपांची उष्णताही थांबते, त्यामुळे पाणी सावकाशच चढतं. आधी संपतो तो प्राणवायू. इन्व्हर्टरवर पाच वॉटचा एअर पंप लावून ठेवा, आणि बॅटरीवरचा एक पंप सेल घालून हाताशी. मोठे मासे भरपूर असतील तर हे चिलरपेक्षाही आधी घ्यायचं.

## ९. चिलर: घ्यायचाच असेल तर

वरचं सगळं करूनही आकडा जुळत नसेल, किंवा प्रवाळांची टाकी असेल, तर चिलर घ्या. "इतक्या लिटरसाठी" एवढ्याच ओळीवर निवडू नका. ती ओळ बहुधा बऱ्याच गार खोलीला धरून लिहिलेली असते.

तुमची गरज मोजा. ज्या दिवशी सकाळी पाणी हव्या त्या तापमानाला असेल, त्या दिवशी पंखे बंद ठेवून दुपारी १२ ते २ मध्ये पाणी किती चढतं ते बघा. तासाला ०.४ अंश चढलं, तर ०.४ × ५२५ म्हणजे २१० वॉट उष्णता सतत बाहेर काढायची आहे. त्याच्या दीडपट-दुप्पट, म्हणजे ३५० ते ४०० वॉट थंड करायची क्षमता असलेला चिलर शोधा. हा आकडा चिलर खातो त्या विजेचा नाही, काढतो त्या उष्णतेचा असावा. दुकानदाराला नेमकं हेच विचारा.

बसवताना एवढं पाळा. चिलर बंद कपाटात नको, त्याच्या जाळीसमोर आणि मागे हात-दीड हात मोकळी जागा हवी. तो पाण्यातून काढलेली उष्णता आणि स्वतःची वीज, दोन्ही खोलीत सोडतो, म्हणून शक्य असेल तर बाल्कनीत सावलीला किंवा शेजारच्या खोलीत. पाइपांवर फोमचं आवरण चढवा. पाणी फिल्टरमधून गाळूनच चिलरमध्ये जाऊ द्या, आणि प्रवाह पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतच ठेवा. कंट्रोलर वेगळा असेल तर बंद झाल्यावर पुन्हा सुरू व्हायला निदान तीन मिनिटांचा विलंब त्यात लावा, नाहीतर कॉम्प्रेसर लवकर जातो.

तपासा: पहिल्या आठवड्यात चिलर दुपारीसुद्धा अधूनमधून थांबतो का? अजिबात थांबत नसेल तर तो लहान पडतोय, किंवा हिटर कुठेतरी चालू आहे.

पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि पंख्यांचा जोर कमी पडतो, पण खोलीही उतरलेली असते, त्यामुळे बहुतेक टाक्या निभावतात. ऑक्टोबरची उष्णता मात्र बऱ्याच जणांना बेसावध गाठते, कारण तोवर पंखे काढून माळ्यावर गेलेले असतात. ते नोव्हेंबरपर्यंत जागेवरच राहू द्या, पात्यांवरची धूळ आणि पांढरा थर महिन्यातून एकदा पुसा, चिलरची जाळी पंधरा दिवसांनी ब्रशने झाडा. आणि थंडीत हिटर परत लावण्याआधी तो बादलीत, थर्मामीटर बरोबर ठेवून, नेमलेल्या तापमानाला खरंच बंद होतो का ते एकदा बघून घ्या.